नागकन्येचा संसार

माझी सासुरवाडी बत्तीस शिराळ्याची. हे कळले की आमच्या स्टाफरूममधले कोणीतरी हटकून विचारते, "काय हो, वहिनी रागावल्या की फणा काढतात का?" अठरा वर्षे मी या विनोदाला हसत आलो आहे. शिराळा आज सांगली जिल्ह्यात आहे खरे; पण १९४९ साली साताऱ्याची वाटणी होऊन दक्षिण सातारा निराळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा मी सातारकर आणि ही शिराळ्याची, म्हणजे वाटणी झालेल्या एकाच वाड्यातली आम्ही माणसे.

शिराळ्याची कथा वाचकांनी ऐकली असेलच. नागपंचमीला गोरक्षनाथ भिक्षेला आले. घरची बाई मातीचा नाग पुजत होती, म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला. नाथांनी त्या मातीच्या नागाचा जिवंत नाग केला, आणि तेव्हापासून गाव जिवंत नाग पुजू लागले. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, २००२ साली उच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि ती जुनी चाल मोडली. रूप पालटण्याच्या गोष्टी मात्र कोणत्याही कायद्याने बंद होत नाहीत, आणि मी नेमका त्यांच्याच मागे लागलो होतो. 'मराठी लोककथांतील नागविवाह' हा माझ्या प्रबंधाचा विषय. 'होतो' म्हणायचे कारण पुढे येईल.

या विषयाला देशाची शीव नाही. माथेरानला जन्मलेल्या गिरीश कर्नाडांच्या 'नागमंडल' या कन्नड नाटकात नाग नवऱ्याचे रूप घेऊन रात्री राणीकडे येतो. दिवसा तुसडेपणाने वागणारा नवरा रात्री एवढा गोड कसा, हे कोडे तिला पडते. पण विचारायची सोय नाही. चीनमध्ये पू सोंगलिंग (१६४०-१७१५) नावाचा कथाकार होऊन गेला. त्याच्या कथांत एकाकी विद्यार्थी दिव्याच्या उजेडात वाचत बसलेला असतो, दारात एक लावण्यवती येते, आणि ती निघते कोल्हीण! हा गृहस्थ स्वतः सरकारी परीक्षांना बसून बसून म्हातारा झाला आणि पोटासाठी दुसऱ्यांची मुले शिकवीत राहिला. अशा माणसाला असली स्वप्ने का पडावीत, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

परंतु पंडित आणि नागकन्या यांचा खरा संसार पाहायचा तर आपल्या महाभारताचे आदिपर्वच उघडावे. जरत्कारू नावाचा तपस्वी. लग्न करायचे नाही म्हणून फिरत होता. एकदा त्याला एका खड्ड्यात उलटे लोंबणारे पितर दिसले. ज्या गवताच्या मुळाला ते लोंबत होते ते उंदीर कुरतडत होता. वंश बुडतो आहे, लग्न कर, म्हणाले. हा तयार झाला, पण अटी घालून! मुलगी माझ्याच नावाची हवी, ती भिक्षा म्हणून मिळायला हवी, आणि मी तिला पोसणार नाही. (अशी स्थळे आजही येतात, फक्त इतकी स्पष्ट बोलत नाहीत.) नागराज वासुकीने आपली बहीण दिली. तिचेही नाव जरत्कारू. त्यावर याने आणखी एक अट घातली: मला न आवडणारे काही केलेस तर मी निघून जाईन.

एके दिवशी तिच्या मांडीवर डोके ठेवून महाराज झोपले. सूर्य मावळायला आला. उठवावे तर राग, न उठवावे तर संध्या बुडणार. तिने गोड शब्दांनी उठवले. तो भडकला. म्हणाला, मी झोपलेला असताना मावळण्याची सूर्याची ताकद नाही! आणि चालू लागला. तेव्हा तिने पोटातले सांगितले. आईच्या शापाने सारे नागकुळ जनमेजयाच्या यज्ञात जळणार होते; त्यातून त्यांना वाचवणारा मुलगा हवा म्हणून भावाने तिला दिले होते. या बाईने आपले नागरूप लपवले नव्हते. मनातला घोर मात्र लपवला होता, आणि त्या विद्वानाने तो कधी विचारलाही नव्हता. "अस्ति," आहे, एवढेच बोलून तो गेला. त्यावरून मुलाचे नाव पडले आस्तिक. त्यानेच पुढे सर्पसत्र थांबवले.

ही कथा मी वर्गात कितीदा सांगितली असेल! पण ती खरी वाचली गेल्या वर्षी, सांगलीत.

त्याचे असे झाले. प्रबंधाच्या नोंदणीला मुदतवाढ मागण्याचा शेवटचा दिवस होता. रविवार. जेवून मी आडवा झालो. पाच वाजता हिने हलवले, "अहो, सहाला अर्ज बंद होतो." मी काय बोललो ते इथे छापण्यासारखे नाही. माझा प्रबंध मला कळतो, एवढा त्याचा सभ्य सारांश. तिरीमिरीत उठलो, पिशवी घेतली आणि पेपर तपासण्याचे निमित्त सांगून सांगलीची एस.टी. पकडली.

मित्राच्या घरी भांडारकर संस्थेच्या संशोधित आवृत्तीतले, सुखटणकरांनी संपादिलेले आदिपर्व होते. रात्री झोप येईना म्हणून चाळू लागलो, आणि सूर्याच्या त्या वाक्याशी अडलो. मग दुसरीच गोष्ट आठवली. आम्ही दोघे कोल्हापूरला एम.ए.च्या एकाच वर्गात होतो. नागकथांची पहिली वही तिची. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी तिने त्यात उतरवल्या होत्या. गुणही तिला माझ्यापेक्षा अधिक पडले होते. लग्नानंतर वही माझ्या टेबलावर आली. ती स्वयंपाकघरात गेली. यात वावगे काही घडले, असे अठरा वर्षांत माझ्या मनातही आले नव्हते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साताऱ्याला परतलो. अजिंक्यताऱ्यामागे ऊन उतरले होते. ही देवापाशी दिवा लावीत होती. टेबलावर मुदतवाढीच्या अर्जाची पोच होती. त्या दिवशी सहाला पाच मिनिटे कमी असताना भरलेला, शुल्कासकट. शेजारी ती जुनी वही होती आणि तिच्यात कोऱ्या पानांवर नव्या शाईने लिहिलेल्या चार गोष्टी.

"या कधी लिहिल्यास?" मी विचारले.

"तुम्ही झोपलात की," ती म्हणाली.

"मग प्रबंध तूच का करीत नाहीस?"

तिने वात सारखी केली. "अर्ज कुणाच्या नावाने भरलाय ते वाचलंत का?"

मी पोच पुन्हा हातात घेतली आणि चष्मा शोधू लागलो.