ठेच अंगठ्याला, गाठ जांघेत

लेखमाला : देहातले पाणी, भाग ७

अनवाणी चालताना पायाच्या अंगठ्याला ठेच लागते, जखम चिघळते आणि दोन-तीन दिवसांत जांघेत दुखरी गाठ हाताला लागते. खेड्यापाड्यांत याला ‘अवधाण येणे’ म्हणतात. जखम कुठे आणि गाठ कुठे! मधल्या पोटरीला, गुडघ्याला काहीच झालेले नसते. ही दोन टोके जोडणारी वाट लसिकेची आहे.

मागच्या भागात रक्त केशवाहिन्यांपर्यंत पोचले होते. या वाहिन्यांच्या भिंती इतक्या पातळ, की रक्तातले पाणी पेशींमधल्या फटींत सतत झिरपत राहते आणि त्याच्यासोबत थोडी प्रथिनेही निसटतात. ती परत रक्तात आणण्याचे काम लसिकावाहिन्यांचे. त्यांच्यात शिरलेला हा द्रव म्हणजेच लसिका. दिवसाकाठी २ ते ४ लिटर लसिका गळ्याच्या तळाशी असलेल्या मोठ्या शिरांमध्ये ओतली जाते. माणसाच्या अंगात एकूण रक्तच ५ लिटरच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचा पसारा कळतो.

आणि हे सगळे हृदयाशिवाय! लसिकावाहिन्या स्वतः हळूहळू आकुंचन पावतात, त्यांच्यातल्या झडपा लसिकेला मागे फिरू देत नाहीत. बाकीचा जोर चालण्याचा आणि श्वासाचा. रात्रभर एसटीत पाय लोंबते ठेवून बसलेल्या प्रवाशाला सकाळी चप्पल घट्ट होते, त्याचे एक कारण हेच : शिरांतले रक्त आणि लसिका दोन्ही वर ढकलणारी पोटरी रात्रभर थांबलेली असते.

ही वाट माणसाच्या नजरेला पडली ती एका जेवलेल्या कुत्र्यामुळे. १६२२ साली इटलीत गास्पारे असेली हा शरीरशास्त्रज्ञ कुत्र्याचे पोट उघडून पाहत होता. आतड्याच्या पडद्यावर त्याला पांढरे धागे दिसले. त्या नसा असाव्यात असे त्याला वाटले, पण एक धागा कापताच दुधासारखा द्रव बाहेर आला. त्याने दुसरा कुत्रा घेतला, तर काहीच दिसेना. तो उपाशी होता. अन्नातली चरबी आतड्यातून लसिकेत जाते, म्हणून जेवणानंतर तिथली लसिका पांढरी होते. असेलीने भरल्या पोटाच्या कुत्र्यावर पुन्हा पाहिले आणि धागे पुन्हा दिसले. ही फेरतपासणी त्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

वाटेत ठिकठिकाणी लसिकाग्रंथी असतात, अंगभर मिळून पाच-सहाशे. जखमेतले जंतू इथे अडवले जातात, पांढऱ्या पेशी भराभर वाढतात आणि ग्रंथी सुजते. हेच ते अवधाण. प्लेगचा जंतू मात्र अडवूनही मरत नाही, ग्रंथीतच वाढतो. १८९७ मध्ये पुण्यात जांघेतली, काखेतली गाठ पाहून घरे हादरत होती, ती याच ग्रंथींची. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनाही त्याच साथीने नेले.

हत्तीरोगात वाटच बिघडते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांना हा रोग चांगला ठाऊक आहे. गटाराच्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास जंताच्या अळ्या माणसात सोडतो. त्यांचे सुतासारखे लांब जंत होतात आणि वर्षानुवर्षे लसिकावाहिन्यांत राहतात. वाहिन्या रुंदावतात, झडपा निकामी होतात, लसिका पायातच साचते. या जंतांची पिल्ले रात्री रक्तात उतरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री दारोदार जाऊन रक्ताचा थेंब घेतात. पुढे गावातल्या धडधाकट माणसांनाही गोळ्या दिल्या जातात, आणि ‘मला काय झालंय?’ म्हणून अनेक जण त्या टाळतात. सूज नसलेल्या माणसाच्या रक्तातही ही पिल्ले असू शकतात, हे त्यांना कुणी नीट समजावून सांगायला हवे.

एकदा खूप वाढून कडक झालेला पाय गोळ्यांनी पूर्ववत होत नाही. त्याला रोजची निगा लागते : साबणपाण्याने हलक्या हाताने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, बसताना पाय उंचावर ठेवणे. साचलेल्या लसिकेत जंतू लवकर फोफावतात, त्यामुळे इथे साधा चिखल्याही तापाला कारण होतो. आणि दिवसातून काही वेळा, भिंतीला धरून, टाचा वर-खाली करणे.