गावनिहाय वेब पान : भाडेतत्त्वावरील शेतीसेवेसाठी जवळचे ग्राहक

जून महिन्यात पहिला चांगला पाऊस झाला की वाफसा येतो आणि प्रत्येकाला एकाच वेळी ट्रॅक्टर, रोटाव्हेटर व पेरणी यंत्र हवे असते. वाफसा कोणासाठी थांबत नाही. पूर्वी अशा वेळी आपण शेजाऱ्याला किंवा कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला विचारत असू. आजही विचारतो, परंतु ओळखीच्या माणसाचे यंत्र मोकळे नसेल, तर घरातील मुलगा मोबाईल काढतो आणि 'ओतूर पेरणी यंत्र भाड्याने' असे गूगलवर टाकतो किंवा बोलून विचारतो. मराठीत बोलून शोध घेण्याची सोय गूगलने 2017 मध्ये उपलब्ध करून दिली आहे.

दुसऱ्या बाजूस, कर्ज काढून यंत्रे घेतलेले अनेक तरुण शेतकरी सेवा व्यवसाय करीत आहेत. यंत्र उभे राहिले तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. ज्याला यंत्र हवे आहे आणि ज्याच्याकडे यंत्र आहे, असे दोघेही दहा-पंधरा किलोमीटरच्या आत असूनही एकमेकांना सापडत नाहीत, अशी परिस्थिती अनेक ठिकाणी दिसते. ही गाठ घालून देण्याकरिता गावनिहाय वेब पानांचा उपयोग कसा करावा, याची माहिती सदर लेखात दिली आहे. उदाहरण अवजारे भाड्याने देण्याच्या व्यवसायाचे घेतले असले, तरी फवारणी सेवा, विंधन विहीर, पंपदुरुस्ती, ठिबक जोडणी अशा सर्व सेवांना हीच पद्धत लागू पडते.

गूगल जवळची सेवा कशी निवडते?

जवळची सेवा शोधली असता गूगल प्रामुख्याने तीन बाबी पाहते.

1. समर्पकता : ग्राहकाने जे विचारले, तेच काम आपण करतो काय?
2. अंतर : ग्राहक जेथे आहे किंवा ज्या गावाचे नाव त्याने घेतले, तेथून आपण किती दूर आहोत?
3. ओळख : आपल्या व्यवसायाची माहिती इतर ठिकाणी किती आढळते, ग्राहकांचे अभिप्राय किती व कसे आहेत?

पैसे भरून या स्थानिक निकालांत वरचा क्रमांक मिळत नाही. जाहिरातीची जागा वेगळी असते व तेथे तसे लिहिलेले असते. 'हमखास पहिला क्रमांक मिळवून देतो' असे सांगून रक्कम मागणाऱ्यांपासून सावध राहावे.

प्रथम व्यवसायाची नोंद करावी

पान तयार करण्यापूर्वी गूगल बिझनेस प्रोफाइल या मोफत सुविधेत आपल्या व्यवसायाची नोंद करावी. नकाशावर दिसणारी नावे येथूनच येतात. आपण ग्राहकाच्या शेतावर जाऊन काम करीत असल्यास घराचा पत्ता न दाखविता 'सेवा क्षेत्र' देता येते. त्यात जास्तीत जास्त 20 ठिकाणे नोंदविता येतात आणि संपूर्ण क्षेत्र आपल्या ठिकाणापासून साधारणपणे दोन तासांच्या वाहनप्रवासाच्या आत असावे, असा दंडक आहे. प्रत्येक गावात खोटा पत्ता दाखवून अनेक नोंदी करू नयेत. अशा नोंदी नियमबाह्य ठरतात व बंद केल्या जातात.

यापूर्वी या नोंदीबरोबर एक छोटे मोफत संकेतस्थळ तयार करता येत असे. ती सुविधा मार्च 2024 मध्ये बंद झाली. ज्यांचे पान त्या सुविधेवर होते, त्यांचे पान आता उघडत नाही. त्यामुळे स्वतःचे लहानसे संकेतस्थळ असणे आवश्यक झाले आहे.

गावनिहाय पानाची गरज काय?

नकाशावरील यादीत अंतराला महत्त्व असते. दूरच्या गावातील ग्राहकाला त्याच्या जवळचे यंत्रमालक आधी दिसणार, हे उघड आहे. परंतु त्या यादीखाली नेहमीचे निकाल असतात. तेथे 'नारायणगाव परिसरात मल्चिंग पेपर अंथरणी' या विषयावर नेमकी माहिती देणारे पान असल्यास ते दिसण्याची शक्यता वाढते. संकेतस्थळावर 'आम्ही सर्व प्रकारची शेतीकामे करतो' असे एकच मोघम पान असेल, तर कोणत्याही गावाच्या नावाने शोधणाऱ्याला ते सापडणे कठीण जाते.

केवळ गावाचे नाव बदलून पाने करू नयेत

या ठिकाणी स्वतःचा अनुभव सांगणे उपयुक्त ठरेल. माझे धाकटे बंधू गावी ट्रॅक्टर व अवजारे भाड्याने देतात. 2022 मध्ये आम्ही दोघांनी मिळून त्यांचे संकेतस्थळ तयार केले. एक पान लिहिले, त्याच्या चाळीस प्रती केल्या आणि प्रत्येक प्रतीत फक्त गावाचे नाव बदलले. हा सल्ला माझाच होता. वर्षभरात त्या पानांमुळे कामाचे फोन जवळजवळ आलेच नाहीत. जून 2023 मध्ये मात्र एका दूरच्या गावातून फोन आला. पानावर 'तत्पर सेवा' असे लिहिले होते, म्हणून त्या शेतकऱ्याने दुसरीकडे चौकशी केली नाही. बंधूंना हातातील कामे सोडून जाता आले नाही. ट्रॅक्टर तिसऱ्या दिवशी पोहोचला, तोवर पुन्हा पाऊस होऊन वाफसा गेला होता. त्या शेतकऱ्याची पेरणी लांबली ती आमच्या पानावरील दोन शब्दांमुळे.

गूगलच्या नियमांतही अशा पानांना स्थान नाही. निरनिराळ्या गावांच्या नावाने जवळजवळ सारखीच पाने करून ग्राहकाला एकाच ठिकाणी नेणे, यास फसवी प्रवेशद्वारे मानले जाते. मार्च 2024 पासून केवळ क्रमांकासाठी घाऊक प्रमाणात तयार केलेल्या मजकुराविरुद्धही स्पष्ट नियम आहे. मग तो मजकूर माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. अशी पाने मागे टाकली जातात किंवा निकालांतून काढली जातात.

कृषिविद्या शिकविणाऱ्या माणसाला हे खरे तर आधीच कळावयास हवे होते. महाराष्ट्राचे नऊ कृषी हवामान विभाग केलेले आहेत. पाऊस आणि जमीन बदलली की वाण, पेरणीची वेळ व खतमात्रा बदलते. एकच शिफारस छापून तिच्यावर गावांची नावे घातल्यास ती शिफारस राहत नाही. पानांचेही तसेच आहे. गाव बदलले की काम बदलते, आणि काम बदलले की पानावरील मजकूर बदलला पाहिजे.

नमुन्यादाखल जुन्नर तालुका

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीलगत भरपूर पाऊस व भातखाचरे आहेत, तर पूर्वेकडे पाऊस कमी होत जातो. आळेफाटा परिसरात राहणाऱ्या यंत्रमालकाने या तालुक्याकरिता पुढीलप्रमाणे पाने करावीत.

नारायणगाव परिसर : येथे टोमॅटोची मोठी बाजारपेठ असून द्राक्षबागाही आहेत. पानावर गादीवाफे तयार करणे, ठिबक नळी व मल्चिंग पेपर अंथरणे या कामांची माहिती द्यावी. दोन वाफ्यांतील अंतर किती ठेवता येते व पेपर कोणी आणावयाचा, हे लिहावे.

ओतूर व आळे परिसर : सोयाबीन व कांदा करणारा शेतकरी येथे आहे. रुंद वरंबा सरी (बीबीएफ) यंत्राने सोयाबीन पेरणी, कांद्यासाठी रोटाव्हेटर व वाफे, तसेच मळणी यंत्र यांची माहिती द्यावी.

पश्चिमेकडील भात पट्टा : खाचरे लहान व उताराची असल्याने मोठा ट्रॅक्टर सर्वत्र जात नाही. चिखलणीसाठी पॉवर टिलर असल्यासच हे पान करावे. नसल्यास पान करू नये.

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. जेथे आपण काम करीत नाही, त्या गावाचे पान असू नये.

पानावर कोणती माहिती असावी?

1. शीर्षक : सेवा व गाव ही दोन्ही नावे शीर्षकात यावीत. उदा. 'ओतूर परिसरात बीबीएफ यंत्राने सोयाबीन पेरणी'.
2. गावांची यादी : ज्या गावांत व वाड्यांत प्रत्यक्ष काम केले, तीच नावे द्यावीत. तालुका, जिल्हा व पिनकोड लिहावा. एकाच नावाची गावे अनेक तालुक्यांत असतात, म्हणून हे आवश्यक आहे.
3. दर : तासावर की एकरावर, डिझेल कोणाचे, किमान किती क्षेत्र, याचा स्पष्ट उल्लेख असावा. दर कोणत्या महिन्याचा आहे तेही लिहावे.
4. वेळ : फोन केल्यापासून यंत्र किती दिवसांत पोहोचते, हे हंगामातील व हंगामाबाहेरील असे वेगवेगळे व खरे लिहावे.
5. ग्राहकाने करावयाची तयारी : बांधावरील वाटेची रुंदी, शेतातील दगड, विजेच्या तारा, पाइपलाइनच्या खुणा इत्यादी.
6. छायाचित्रे : त्याच परिसरातील शेतावर काढलेली दोन-तीन छायाचित्रे पुरेशी आहेत. शेतकऱ्याची परवानगी घ्यावी. छायाचित्रांचा आकार कमी करून टाकावा, म्हणजे कमी नेटवर्कमध्येही पान उघडते.
7. संपर्क : मोबाईल क्रमांक पानाच्या वरच्या भागात असावा व त्यावर बोट ठेवताच फोन लागावा.

व्यवसायाचे नाव व क्रमांक हे संकेतस्थळ, गूगलची नोंद आणि फलक या सर्व ठिकाणी सारखेच असावेत.

भाषा व लिपी

मजकूर युनिकोड मराठीत टंकलिखित केलेला असावा. छपाईसाठी वापरली जाणारी जुनी युनिकोडपूर्व अक्षरे वेब पानावर रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी होऊन बसतात व शोधात येत नाहीत. फ्लेक्सचे चित्र जसेच्या तसे पानावर टाकण्याची चूकही सर्रास होते. चित्रातील अक्षरे शोधात येतीलच याचा भरवसा धरता येत नाही. मजकूर मजकूर म्हणूनच लिहावा.

बरेच लोक मराठी शब्द रोमन लिपीत लिहून शोधतात. म्हणून गावाचे व सेवेचे नाव पानावर एकदा रोमन लिपीतही द्यावे. ज्या नावाने लोक काम ओळखतात तेच वापरावे. 'रोटर मारणे' हा शब्द परिसरात रूढ असेल तर तो जरूर घ्यावा. जिल्ह्यांची नावे बदललेली असल्यास दोन्ही नावे लिहावीत. जुन्नरला लागून असलेल्या अहमदनगर जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले. परंतु जुन्या नावाने शोधणारे आजही आहेत.

पानांची जोडणी व तपासणी

मुख्य पानावर 'आमचे सेवा क्षेत्र' अशी यादी देऊन तेथून प्रत्येक गावाच्या पानाला जोडणी द्यावी. कोठूनही जोडणी नसलेले पान गूगलला व ग्राहकालाही सापडत नाही. सर्च कन्सोल या गूगलच्या मोफत साधनात संकेतस्थळाची नोंद करावी. कोणते शब्द टाकल्यावर आपले पान दिसले व किती जणांनी ते उघडले, हे तेथे कळते. नवीन पान शोधात दिसू लागण्यास काही दिवस ते काही आठवडे लागतात. त्यामुळे खरीपाची पाने एप्रिलमध्येच तयार करावीत. पाऊस पडल्यावर पान करणे म्हणजे पेरणीनंतर बीजप्रक्रिया करण्यासारखे आहे.

काम समाधानकारक झाल्यावर शेतकऱ्याला अभिप्राय लिहिण्याची विनंती करावी. अभिप्रायाच्या बदल्यात दरात सूट देणे किंवा नातेवाइकांकडून खोटे अभिप्राय लिहून घेणे नियमबाह्य आहे. आलेला प्रत्येक फोन वहीत नोंदवावा : गाव, काम, माहिती कोठून मिळाली, काम झाले की नाही व नसल्यास कारण. हंगाम संपल्यावर ही वही पाहूनच पाने वाढवावीत अथवा कमी करावीत.

आम्ही ती चाळीस पाने काढून टाकली आणि सहा लिहिली. त्यासाठी बंधूंना प्रत्येक परिसरातील आपली कामे आठवून सांगावी लागली, मला फक्त लिहून घ्यावे लागले. आजही त्यांची बरीचशी कामे तोंडी शिफारशीनेच येतात. पानांवरून येणारे फोन थोडे आहेत. परंतु फोन करणाऱ्याला दर माहीत असतो, वाट तपासलेली असते आणि यंत्र केव्हा येणार याची खरी कल्पना असते. हंगामात यंत्र मोकळे नसेल, तर बंधू पानाच्या वरच्या बाजूस तसे लिहून ठेवतात, म्हणजे विचारणारा त्याच दिवशी दुसरीकडे जाऊ शकतो.

थोडक्यात

- प्रथम गूगलवर व्यवसायाची मोफत नोंद करावी.
- जेथे खरोखर काम करतो, त्याच परिसराची पाने करावीत.
- प्रत्येक पानावर त्या परिसराचे पीक, काम, दर व वेळ यांची वेगळी माहिती असावी.
- मजकूर युनिकोड मराठीत असावा, रूढ शब्द वापरावेत.
- हंगामापूर्वी दोन महिने पाने तयार करावीत व प्रत्येक हंगामात दर सुधारावेत.
- जे करता येणार नाही, ते पानावर लिहू नये. त्यावर विसंबून कोणीतरी आपला वाफसा घालवितो.