फाइल बहुधा जागेवरच असते

संगणक सुरू केला, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ उमटली: अमुक फाइल ‘मिसिंग’ आहे. दुकानात नेला तर बऱ्याचदा लगेच उत्तर मिळते, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ फॉरमॅट मारल्यावर संगणक चालू होतो हे खरे, पण त्यात घरातले फोटो आणि वर्षानुवर्षांचे हिशेबही जाऊ शकतात. म्हणून त्याला होकार देण्याआधी ही ओळ नेमके काय म्हणते ते समजून घ्यायला हवे. कुणीतरी एका ठरावीक जागी एक फाइल मागितली आणि तिथे ती मिळाली नाही, एवढेच ती सांगते.

मागणारा कोण, हे त्यासाठी पाहावे लागते. बायोसच्या पद्धतीत त्या नावाचा, मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम डिस्कचा पहिला, ५१२ बाइटांचा कप्पा वाचतो. त्यातले ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या तक्त्याला आणि २ बाइट खुणेला जातात. सूचनांसाठी उरतात जेमतेम ४४६. यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेल्या मराठी मजकुराची दीडशे अक्षरचिन्हेही त्यात मावत नाहीत. एवढ्या जागेत बिघाडाची कारणे शोधणारा प्रोग्रॅम कुठून बसणार? सुरुवातीच्या पायऱ्यांवरचे संदेश इतके त्रोटक असतात ते यामुळेच.

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत याचा उत्तम नमुना पाहायला मिळे. ‘हॅल डॉट डीएलएल’ गहाळ किंवा खराब झाल्याचा संदेश येई. लोक दुसऱ्या संगणकावरून ती फाइल आणून बसवत, तरी संदेश तसाच. कारण अनेकदा दोष ‘बूट डॉट आयएनआय’ नावाच्या चार-सहा ओळींच्या साध्या मजकूर फाइलमध्ये असे. विंडोज कितव्या डिस्कच्या कितव्या विभागात आहे, ते तिथे लिहिलेले असते. डिस्कवर नवा विभाग केला आणि जुन्याचा क्रमांक १ वरून २ झाला, तरी या फाइलमध्ये १ तसाच राहतो. मग सुरू होणारा प्रोग्रॅम भलत्याच विभागात जातो, तिथे विंडोज फोल्डरच नसते, आणि त्यातली पहिली न सापडलेली फाइल म्हणून बिचाऱ्या ‘हॅल’चे नाव पुढे येते. एक अंक बदलला की काम झाले! व्हिस्टापासून ही जागा ‘बीसीडी’ या नोंदसंचाने घेतली. तो साध्या एडिटरमध्ये उघडता येत नाही, पण विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरचा ‘स्टार्टअप रिपेअर’ तो पुष्कळदा दुरुस्त करतो.

‘बूटएमजीआर इज मिसिंग’, म्हणजे विंडोज सुरू करणारी फाइल सापडली नाही, असे दिसले तर आधी संगणकाला लावलेले पेन ड्राइव्ह काढून पाहावेत. बायोस आधी पेन ड्राइव्हकडे वळत असेल, तर तिथला सुरुवातीचा प्रोग्रॅम त्यावर नसलेलीच फाइल मागत बसतो.

लॉगिन झाल्यावर येणारी, फाइल सापडली नाही असे सांगणारी ‘रन डीएलएल’ची चौकट निराळी. तिथे विंडोज सुरू झालेले असते. अनेकदा अँटिव्हायरसने एखादी घातक फाइल काढून टाकलेली असते, पण ती रोज सुरू करण्याची नोंद रजिस्ट्रीत किंवा टास्क शेड्युलरमध्ये उरलेली असते. इथे फाइल शोधून आणणे म्हणजे रोग परत घरात घेणे. काढायची असते ती नोंद. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन फार उपयोगी आहे; ज्या नोंदींच्या फाइली जागेवर नाहीत त्या ते पिवळ्या रंगात दाखवते. त्या ओळीपुढची खूण काढायची आणि संगणक पुन्हा सुरू करून पाहायचा. नोंद लगेच पुसू नये.

विंडोजची स्वतःची फाइल खरोखरच बिघडली असेल, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एसएफसी स्कॅननाउ’ (sfc /scannow) ही आज्ञा द्यावी. कुठल्याशा संकेतस्थळावरून सुटी डीएलएल उतरवू नये; ती कुणी, कशात काय मिसळून ठेवली आहे हे कळायला मार्ग नसतो. आणि हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल, तर यातले काहीही करण्याआधी ती दुसऱ्या संगणकाला जोडून हव्या त्या फाइली उतरवून घ्याव्यात. दुरुस्तीचे प्रोग्रॅम डिस्क भरपूर चाळतात, आणि मोडकळीला आलेली डिस्क तेवढ्यात मान टाकू शकते.