जुना फोनो दुरुस्तीस देण्यापूर्वीं

वडिलार्जित फोनो माळ्यावरून खालीं आला, कीं घरांत दोन मतें होतात. एकाच्या मतें तो मोडींत घालावा. दुसऱ्याच्या मतें लगेच एखादी आवडती तबकडी लावून पाहावी. यांतला दुसरा सल्ला अधिक घातक. कारण यंत्र बिघडलेलें असेल, तर पहिला बळी तबकडीचा जातो, आणि कित्येक घरांतून आजोबांच्या काळचा आवाज तेवढ्या एका तबकडीवरच उरलेला असतो.

हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीचा १९३१ सालीं निघालेला '१०२' हा पेटीचा फोनो घ्या, किंवा दुसरा कोणताही चावीचा फोनो घ्या. परीक्षेचा क्रम एकच.

प्रथम चावी. ती सावकाश पांच-सहा फेरेच फिरवावी. कांहींच विरोध न होतां ती फिरत राहिली, तर स्प्रिंग तुटली किंवा खुंटीवरून निसटली आहे. चालतां चालतां आंतून 'धप्प' असा आवाज आला, तर वंगण सुकून स्प्रिंगचे वेढे चिकटले आहेत. हे दोन्ही दोष बरे होणारे आहेत. स्प्रिंगचा डबा मात्र घरीं उघडूं नये. ती लांबलचक पोलादी पट्टी उसळून हात कापते. यंत्र खोलण्यापूर्वीं चावी पूर्ण उतरूं द्यावी; ताण असतां गव्हर्नर काढल्यास चक्रें बेफाम फिरून दांते झडतात.

नंतर वेग. एखादी सामान्य तबकडी लावून तिच्याखालीं कागदाचा कपटा कडेबाहेर येईल असा ठेवावा, आणि सुई टेकवून एका मिनिटाचे फेरे मोजावे. ते ७८ भरले पाहिजेत. ७४ भरले, तर काळी एकचें गाणें जवळजवळ पांढरी एकवर उतरतें! वेगाच्या स्क्रूनें हें सुधारतें. परंतु सूर थरथरत असेल, तर गव्हर्नरचीं वजनें व त्यांच्या पातळ पट्ट्या तपासावयास सांगावें.

तिसरी परीक्षा साउंडबॉक्सची. त्यांतील अभ्रकाचा किंवा ॲल्युमिनियमचा पडदा रबरी कड्यांमध्यें बसविलेला असतो. रबर कठीण झालें, कीं आवाज खरखरतो व ताठ राहिलेली सुई तबकडीची रेघ खरवडते. रबर बदलणें स्वल्प खर्चाचें. पण जस्ताच्या ओतीव मिश्रधातूला भेगा किंवा फुगवटा दिसला, तर तो धातु आंतूनच कुजत आहे असें समजावें. तो भाग सांधतां येत नाहीं, दुसराच मिळवावा लागतो. खर्चाचा निर्णय या तपासणीनंतरच करावा.

चांचणीस दर बाजूला नवी पोलादी सुई लावावी. लाखेच्या तबकडींतील खनिज भुकटी सुईस झिजवून धारदार करते, आणि तीच सुई पुन्हां वापरल्यास रेघ कापली जाते. १९४८ सालापासून निघालेल्या सूक्ष्म रेघेच्या व्हिनाइल तबकड्या या यंत्रावर कधींच लावूं नयेत. त्या जड सुईखालीं पहिल्याच खेपेस नासतात.

पेटीचें पॉलिश सर्वांत शेवटीं. तपासणींत जें जें आढळलें, तें एका कागदावर लिहून कारागिराच्या हातीं द्यावें. म्हणजे काय बदलावयाचें आणि काय तसेंच राखावयाचें, याविषयीं त्याचा व आपला घोटाळा होणार नाहीं.