नर की मादी? शुगर ग्लायडरचे पोट पाहा!

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याकडील शेतांच्या काटेरी कुंपणात पहाटे कधी कधी एक लहानसा प्राणी अडकलेला सापडतो. राखाडी, मऊ केस, कपाळापासून पाठीवर गेलेला काळा पट्टा, मोठाले डोळे, शरीराइतकीच लांब शेपटी. वजन म्हणाल तर मध्यम पेरूएवढे, सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. हाच शुगर ग्लायडर. याच्या पुढच्या पायाच्या करंगळीपासून मागच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत कातडीचा पडदा असतो. तो ताणून हा प्राणी रात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पन्नास मीटरपर्यंत तरंगत जातो. वाटेत काटेरी तार आली, की पडदा तिच्यात गुंततो. निलगिरी आणि बाभळीच्या जातीच्या झाडांचा गोड रस व डिंक त्याला फार आवडतो, म्हणून त्याच्या नावात साखर आली.

सह्याद्रीच्या जंगलातील उडती खार तुम्ही चित्रात पाहिली असेल. दोघांत साम्य पुष्कळ, पण नाते फार दूरचे. शुगर ग्लायडर हा कांगारूच्या गोतातला, म्हणजे शिशुधान प्राणी आहे. पिलू वाढवण्यासाठी मादीच्या पोटावर पिशवी असते. तिला शिशुधानी म्हणतात.

असा जखमी प्राणी तेथील प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या हाती येतो, तेव्हा आधी त्याला ऊब आणि शांतता मिळते. त्यानंतर पाहायचे ते हे, की हा नर आहे की मादी? तुम्ही म्हणाल, जखम बांधायची सोडून ही चौकशी कशाला? कारण मादी असेल, तर सुटका एकाची नसून दोघा-तिघांची असू शकते. ग्लायडरचे पिलू गर्भाशयात जेमतेम सोळा दिवस राहते. जन्मते तेव्हा त्याचे वजन पाव ग्रॅमही नसते. ते सरपटत शिशुधानीत शिरते आणि स्तनाग्र तोंडात धरते. स्तनाग्र तोंडातच फुगते, त्यामुळे पिलू तेथे घट्ट अडकून राहते. पुढचे दोन महिने आणि वर काही दिवस त्याचा मुक्काम तेथेच. आई मेलेली असली तरी पिशवीतले पिलू जिवंत असू शकते! मात्र त्याला ओढून काढू नये, तोंडाला इजा होते. आईसकटच ते पशुवैद्याकडे न्यायचे असते.

आता ओळखायचे कसे? उंदीर किंवा खार असेल तर शेपटीखालच्या दोन छिद्रांमधले अंतर पाहतात. नरात ते जास्त असते, मादीत कमी. येथे हा उपाय चालत नाही, कारण शिशुधान प्राण्यांत मल, मूत्र आणि प्रजनन यांचे मार्ग शेवटी एकाच छिद्रात उघडतात. म्हणून शेपटीकडे न पाहता पोट पाहावे. प्राणी कापडात गुंडाळून हळूच उताणा करतात. आपली बेंबी जेथे असते, साधारण तेथे मादीला एक सेंटिमीटरभर लांबीची चीर दिसते. ते शिशुधानीचे तोंड. नरात जवळजवळ त्याच जागी केसाळ, लोंबती गोळी दिसते. तो वृषणकोश. कुत्रा किंवा बैल यांच्यात वृषणकोश शिश्नाच्या मागे असतो. शिशुधान प्राण्यांत तो पुढे असतो. नवख्या माणसाला ती पोटावरची गाठ वाटली तर नवल नाही.

प्रौढ नराची आणखी एक खूण म्हणजे डोक्यावरचे टक्कल. पत्त्यांतील चौकटीच्या आकाराचा तो भाग म्हणजे गंधग्रंथी होय. ते टक्कल जखम किंवा कातडीचा रोग नव्हे. पण टक्कल नाही म्हणून मादी, असा निष्कर्ष काढू नका. कोवळ्या नरात ही ग्रंथी दिसत नाही. माझ्या मते पोटाचीच खूण भरवशाची.

एकाच जागी मादीत पिशवी आणि नरात वृषणकोश, हे पाहून कोणालाही वाटेल की वृषणातील संप्रेरकेच हा फरक घडवत असावीत. माणसात बाह्य अवयवांचे तसेच होते. परंतु ऑस्ट्रेलियातील मेरिलिन रेनफ्री, रॉजर शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॅमर वॉलबी या छोट्या कांगारूची पिले तपासली, तेव्हा वेगळेच दिसले. १९८८ साली त्यांनी दाखवून दिले, की वृषण तयार होण्याच्या आधीच वृषणकोशाचे उंचवटे दिसू लागतात. क्वचित एखाद्या वॉलबीत दोन एक्स आणि एक वाय अशी गुणसूत्रे असतात. वाय असल्यामुळे तिच्यात वृषण असतात, पण वृषणकोश नसून चक्क पिशवी असते! उलट एकच एक्स आणि वाय मुळीच नाही, अशा प्राण्यात वृषण नसतात, पण रिकामा वृषणकोश असतो. तेव्हा पिशवी की वृषणकोश, हे एक्स गुणसूत्रे किती यावर ठरते. वृषण की बीजकोश, हे वाय आहे की नाही यावर. साध्या पोटावरच्या खुणेमागे असे दोन वेगळे हिशेब आहेत.

बरा झालेला ग्लायडर जेथे सापडला तेथेच सोडावा लागतो. हे प्राणी टोळीने राहतात आणि नर आपल्या ग्रंथींचा वास टोळीतल्या सर्वांना चोळून ठेवतो. परक्या वासाचा प्राणी हद्दीत आला, की टोळी त्याच्यावर तुटून पडते.