माकड हलविण्यापूर्वी त्याची ओळख

घाटकोपरसारख्या उपनगरात माकडांचा उपद्रव झाला की त्यांना पकडून दूरच्या रानात सोडावे, अशी मागणी होते. परंतु माकड कोणत्या जातीचे, हे आधी पाहणे अगत्याचे आहे.

काळ्या तोंडाच्या वानराखेरीज महाराष्ट्रात माकडांच्या दोन जाती आढळतात. बॉनेट माकडाचे शेपूट धडाहून लांब व डोक्यावरील केस टोपीसारखे असतात. ऱ्हिसस माकडाचे शेपूट धडाच्या सुमारे निम्मे असून कमरेमागील भाग तांबूस असतो. बॉनेट जगात केवळ दक्षिण भारतीय द्वीपकल्पातच आढळते. पूर्वी तापी व गोदावरी या नद्या दोहोंमधील सीमा मानल्या जात. ऱ्हिसस दक्षिणेकडे पसरत असून बॉनेटचे क्षेत्र आक्रसत असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले.

केनियातील अंबोसेली येथे पिवळ्या व अनुबिस या दोन जातींच्या बबूनांचा संकर निसर्गतः होतो व संततीही प्रजननक्षम असते. आपल्याकडील या दोन जातींचाही संकर होऊ शकतो. मात्र येथे पिंजऱ्यातून नेऊन सोडलेली माकडे ही सरमिसळ वाढवितात.

म्हणून ग्रामपंचायतींनी माकडे परस्पर हलवू नयेत. वन विभागास कळविताना शेपटीची लांबी व डोक्यावरील केस यांची नोंद अवश्य द्यावी. उघडा कचरा व खाऊ घालणे थांबविले, तर माकडे हलविण्याची गरजही कमी होईल.