प्रगतीची वही विद्यार्थ्याच्याच हातात हवी

आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी सकाळी इंग्रजीचा वर्ग चालतो. बारावी झालेली मुले येतात, नर्सिंगची तयारी करणाऱ्या मुली येतात, पन्नाशीचे एक रिक्षाचालकही येतात. पहिले दोन महिने उत्साह दांडगा असतो, तिसऱ्या महिन्यात गळती सुरू होते. सोडून जाणाऱ्याला कारण विचारावे तर उत्तर ठरलेले, "सर, काहीच सुधारणा होत नाही." गेल्या वर्षी एका मुलीने हेच सांगितले तेव्हा मी तिची पहिल्या महिन्यातील वही तिच्यापुढे ठेवली. चार ओळींच्या रजेच्या अर्जात अकरा चुका होत्या. आता ती पानभर मजकूर लिहीत होती. "हे मी लिहिलं होतं?" ती हसली. वर्ग तिने सोडला नाही.

तिची प्रगती होत होती, पण तिला ती दिसत नव्हती. याचे कारण भाषेच्याच घडणीत आहे. इंग्रजीतील नेहमीच्या वापरातले सुमारे २००० शब्द आणि त्यांची रूपे आली की साधारण मजकुराचा जवळपास ८० टक्के भाग ओळखीचा होतो. त्यामुळे सुरुवातीला शिकलेला शब्द पानोपानी भेटतो आणि शिकणारा खूश होतो. त्यानंतरचे शब्द मात्र दहा-वीस पानांतून एखाद्या वेळी भेटतात. कष्ट तेवढेच, पण डोळ्यांना दिसणारे फळ थोडे. मग शिकणारा निष्कर्ष काढतो की दोष आपल्या डोक्यातच आहे. आपल्या मुलांच्या बाबतीत हा निष्कर्ष अधिक घातक ठरतो, कारण "हे तुमचे काम नव्हे" असे सांगणारे बाहेर तयारच बसलेले असतात. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. त्याच बाबासाहेबांनी पुढे पालीचे व्याकरण आणि शब्दकोश रचला. महाराष्ट्र शासनाने तो १९९८ साली त्यांच्या वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केला. हे काम करताना त्यांना गुण देणारा कोणी मास्तर नव्हता.

गुणपत्रिका ४० गुण सांगते. त्या चाळीसात मुलाला बँकेचा अर्ज भरता येतो की नाही, हे कळत नाही. युरोप परिषदेने २००१ साली भाषाशिक्षणाच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या, त्यांचा पाया वेगळा आहे. तिथे प्रत्येक पायरीवर प्रश्न एकच, तुम्हाला या भाषेत काय करता येते? स्वतःची ओळख करून देता येते का, ओळखीच्या विषयावर साधे पत्र लिहिता येते का? आपल्याकडेही २००५ पासून 'असर'च्या पाहणीत मुलापुढे अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट ठेवतात. मूल कुठे अडते ते निरक्षर आईलाही समोर दिसते.

आम्ही हेच वहीच्या मागच्या पानावर आणले. 'मला येते' असे लिहायचे, खाली तारीख आणि कुठे करून पाहिले तेही. मोबाइलवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकाच प्रश्नाचे एक मिनिट उत्तर ध्वनिमुद्रित करायचे आणि तीन महिन्यांनी पहिले ऐकायचे. शब्दांसाठी चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर शब्द लिहायचा. अर्थ आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, विसरला तर परत पहिल्यात. पुढच्या कप्प्यातील चिठ्ठ्या अधिक दिवसांनी काढायच्या. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली मांडली. शेवटचा कप्पा भरत चालला की वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

एक चूकही कबूल केली पाहिजे. सुरुवातीला आम्ही सर्वांच्या नावांचा तक्ता विहाराच्या भिंतीवर लावला होता. दुसऱ्याच आठवड्यात तक्त्यात खाली असलेली तीन मुले यायची बंद झाली. शाळेत जे भोगले तेच आम्ही विहारात आणून ठेवले होते! तक्ता काढला, तरी त्यांतला एकच परत आला. तेव्हापासून वही ज्याची त्याच्याकडे. दाखवायची की नाही, हे तोच ठरवतो. मोबाइलवरच्या शिकवण्यांत सलग किती दिवस आलात याचा आकडा झळकतो, त्याच्यावरही मी फार विसंबत नाही. रोज दोन मिनिटे बोट फिरवले तरी शंभर दिवस भरतात. ती हजेरी झाली.

रिक्षाचालक काकांनी परवा आपली वही आपणहून पुढे केली. एका ओळीत लिहिले होते, 'परगावच्या पाहुण्याला भाडे आणि रस्ता इंग्रजीत समजावला.' खाली तारीख. त्याच्याही खाली, खोडून पुन्हा लिहिलेले, 'फोनवर जमले नाही, समोरचा काय म्हणतो कळत नाही.' येत्या रविवारी वर्ग फोनवरच्या बोलण्यापासून सुरू करणार आहोत.